नॅचरल गॅसच्या गुरुवारच्या आकड्यावर माझे ५,४०,२०० रुपये गेले, एनजी (नॅचरल गॅस) करणाऱ्यांनी वाचाच

खोट्या ट्रेडिंग ॲपवर फसलो. आधी हिशोब सांगतो. २५,०००, मग ७५,०००, मग १,५०,०००, मग २,४०,००० आणि शेवटी ‘क्लिअरन्स फी’ म्हणून ५८,६००. त्यातले ८,४०० परत मिळाले, तेही मला गळाला लावायलाच दिले होते. बाकी ५,४०,२०० रुपये गेले. १४ वर्षं मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवून जमवलेले पैसे आहेत हे.

मी काही नवखा नव्हतो. एमसीएक्सवर, म्हणजे कमोडिटी बाजारात, एनजी दोन वर्षं करत होतो, गुरुवारी अमेरिकेची इन्व्हेंटरी, म्हणजे तिथल्या गॅससाठ्याचा आठवड्याचा आकडा, येते हे मला माहीत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ८ ला आणि हिवाळ्यात ९ ला. आकडा लहान की मोठा याने काही होत नाही, बाजाराने काय धरलं होतं आणि आलं काय यावर भाव पळतो. साठ्यातून ९० बीसीएफ (अब्ज घनफूट) निघेल असं धरलं असताना १०५ निघाला की वर, ७५ निघाला की खाली. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर टिप्स देणाऱ्या एका ग्रुपवरचे ‘सर’ जेव्हा आकडा यायच्या तासभर आधी ‘बाय’ किंवा ‘सेल’ असं टाकायचे आणि भाव तसाच पळायचा, तेव्हा मला वाटलं माणसाला आतलं कळतंय. बोलायचेही अभ्यासू. जानेवारी २०१८ च्या थंडीत एका आठवड्यात ३५९ बीसीएफ निघाला होता तो तेव्हाचा विक्रम, गेल्या ५ वर्षांची सरासरी, सगळं तोंडपाठ. आणि ते खरंच आहे, मी नंतर तपासलं. खऱ्या माहितीत गुंडाळून खोटं दिलं की कुणीही फसेल.

७, १४ आणि २१ नोव्हेंबर, तिन्ही कॉल बरोबर. कसे, ते नंतर नाशिकच्या एका फसलेल्या माणसाशी बोलल्यावर कळलं. त्यातल्याच एका गुरुवारी त्याच्या एका ग्रुपवर माझ्या उलटा कॉल होता. ज्या ग्रुपचा कॉल चुकला तो बंद, ज्याचा बरोबर आला तो पुढे चालू. आतला आकडा वगैरे काही नसतं हो, तो सगळ्यांना एकाच क्षणी मिळतो.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगतो. २८ नोव्हेंबर, गुरुवार. मी जेवत होतो, मोबाईल ताटाशेजारी, आणि बरोबर ९ वाजता ग्रुपवाल्यांनी दिलेल्या ट्रेडिंग ॲपवर हिरवी रेघ सरळ वर गेली. ६२,००० चा नफा दिसला. साडेनऊला डॅलसवरून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाला मामा आज इथे सगळं बंद, थँक्सगिव्हिंग आहे. मी खुशीत त्याला इन्व्हेंटरीचं सांगितलं तर तो म्हणाला, अहो तो रिपोर्ट या आठवड्यात काल बुधवारीच आला, दुपारी १२ ला, सुट्टीमुळे. म्हणजे आपल्याकडे बुधवारी रात्री साडेदहाला येऊन गेलेला आकडा आणि माझ्या ॲपवर गुरुवारी ९ ला उडी! बाजूलाच माझ्या ब्रोकरचं खरं ॲप होतं, ते उघडून एकदा भाव बघितला असता तरी कळलं असतं. नाही बघितला. उलट भाच्यालाच म्हणालो, सरांचा डेटा वेगळा असतो रे. तोपर्यंत २,५०,००० गेले होते. तिथे थांबलो असतो तर २,९८,६०० वाचले असते. पुढच्या सोमवारी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून २,४०,००० उचलले, तिने विचारलंसुद्धा की एवढी घाई कशाला.

पैसे भरताना दर वेळी खातं वेगळं. कधी कुठल्याशा ट्रेडर्सचं करंट, कधी कुणा बाईचं सेव्हिंग. ब्रोकर असं कधीच घेत नाही, हे दिसलं की तिथेच थांबा. ॲपवर १९ लाख ५३ हजार दिसत होते आणि काढायला गेलो तर आधी ५८,६०० भरा. अरे माझ्याच पैशातून कापून घ्या ना! हे म्हणालोही, तर त्यांच्याकडच्या मॅडम म्हणाल्या दादा नियम आहे. १६ डिसेंबरला भरले, १९ ला ॲप बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो २० तारखेला, उशीरच झाला. तुम्ही त्याच मिनिटाला करा, लाजू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. त्यानंतर पोलीस स्टेशन. हवालदारांनी अर्जात लिहिलं ‘गॅस सिलेंडर एजन्सी देतो म्हणून फसवणूक’. मी म्हणालो साहेब सिलेंडर नाही, अमेरिकेतला गॅसचा साठा, त्याचा सट्टा बाजार, तर म्हणे मग सट्टाच खेळलात ना, कसली फसवणूक? अर्ज परत लिहायला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिथून जिल्ह्याच्या सायबर सेलला, तिथले साहेब बंदोबस्तावर. तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवून. बँकेत गेलो तर ‘ओटीपी तुम्हीच टाकलाय’ एवढंच उत्तर, आणि ज्या खात्यात माझे पैसे गेले त्याची माहिती मला देता येत नाही म्हणे, गोपनीय आहे. चोराची गोपनीयता जपतायत आणि मी बाहेरच्या बाकावर टोकन घेऊन बसलोय! दोन महिन्यांनी कळलं की एका खात्यात ११,३०० गोठवलेत, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा. म्हणजे वकिलाचे पैसे आणखी वेगळे.

सल्ला देणाऱ्याचा सेबी (बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) नोंदणी नंबर मागा आणि सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. थोडे पैसे परत आले म्हणून विश्वास ठेवू नका, मोठी रक्कम भरायच्या आधी सगळे काढून बघा. ॲप लिंकवरून टाकायला सांगितलं तर ग्रुप तिथेच सोडा.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये असा इन्व्हेंटरीचा ग्रुप ज्यांच्याकडे होता त्यांनी तक्रार नोंदवून तिचा नंबर जवळ ठेवा, आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते स्टेटमेंटवरून काढा. एकाच खात्यावर चार जिल्ह्यांतून तक्रारी आल्या तर एकत्र जाऊन बसता येईल. मी सोमवारी परत सायबर सेलला चाललोय, नाशिकचा तो माणूसही येतोय.