गाव लिहिणारं मटणाचं दुकान, मानेवाडा साईड

चार स्टार देऊन राहिलो, पाचवा का कापला ते खाली येतेच. मानेवाड्याकडे रिंग रोड सोडून आत गेलं की हे छोटंसं दुकान लागते, नावाचा बोर्ड उन्हानं पार उडालेला आहे, पण काउंटरच्या बाजूला एक काळा फळा टांगला आहे अन् त्यावर रोज सकाळी खडूनं लिहितात. मी गेलो त्या रविवारी होतं, "कुही. बेरारी बोकड. सव्वा वर्ष. जिवंत 26 किलो." त्याच्याखाली उमरेड रोडकडचा एक, दीड वर्षाचा. नागपुरात इतक्या ठिकाणी मटण घेतलं पण बोकड कुठल्या गावचा हे कोणी आपणहून लिहून ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईक विचारते काय, तर कोवळं आहे ना, आजचंच आहे ना, मांडीचं देजा, नळी दोन टाकजा. बस. बोकड कोणाचा, काय खाऊन वाढला हे विचारलं की लाइनीतला मागचा म्हणते, "काऊन भाऊ, सोयरीक करायची आहे का?" अन् घरी सावजी रस्सा होणार असला तर विचारायची गरजच वाटत नाही, त्या काळ्या मसाल्यात अन् तर्रीत म्हातारा बोकड काय अन् बोकडाच्या नावाखाली मेंढी काय, सगळं खपून जाते.

इथले भाऊ स्वतः गाडी घेऊन गावात जातात, ठरलेल्या पाच-सहा घरचेच बोकड घेतात. दलाल नाही. मी विचारलं की खायला काय घालतात तर म्हणाले रानात चरते, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, संध्याकाळी तुरीचं कुटार. बेरारी म्हणजे आपल्या विदर्भाचीच जात, तांबूस अंगाची, आणि उस्मानाबादी असली तर तसं लिहितात, उगाच सगळ्यालाच गावरान म्हणत नाहीत. 26 किलोच्या बोकडातून मटण निम्म्याहून थोडं कमीच निघते, मग मुंडी, खूर, वजडी, रक्ती, कलेजी सगळं त्याच दिवशी विकायचं, उरलं तर दुसऱ्या दिवशी लावत नाहीत. म्हणून दुपारी बारानंतर गेलात तर फक्त धुतलेला ओटा दिसेल. भाव बाहेरच्यापेक्षा किलोमागे 60 रुपये जास्त. मला चालते. आठवड्याला एक किलो आणायचो तिथं आता अर्धा आणतो, खिशामुळे म्हणा की फळ्यामुळे म्हणा.

आईला मात्र हा प्रकार बिलकुल पटला नाही. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की आजचं कुहीचं आहे तर ती म्हणे, "आज गाव सांगून राहिला, उद्या त्याचं नाव सांगशील, मंग मी खाऊ कशी बाप्पा?" तिचं बरोबरच आहे एका हिशोबानं. माहिती नसली की खाणं सोपं जाते. पण मग नियम असा झाला ना की जेवढं कमी माहीत तेवढं पोटभर जेवा, अन् हे मला जमत नाही. फळ्यावर गाव लिहिल्यानं बोकडाचा जीव वाचत नाही, हे आमचा शाकाहारी मित्र दर आखाडीला ऐकवतोच, अन् त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं की मी खाणार असलो तर तो कसा जगला ते मला ऐकून घेता आलं पाहिजे.

ब्रॉयलर इथं ठेवतच नाहीत, हा मला तरी प्लस पॉइंट वाटला. सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी कोंबडी, कुठल्या शेडमधली, काय टोचलेली, कोणाला माहीत. पोल्ट्रीत वजन वाढवायला वापरलं जाणारं कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक सरकारनं 2019 मध्ये बंद केलं, म्हणजे तोपर्यंत आपण ते खाऊनच राहिलो होतो. आणि डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ अन् एक बिबट बर्ड फ्लूनं गेले, तेव्हा त्यांना घातलेल्या चिकनवरच संशय घेतला होता. वाघ बिचारा कोणाला विचारणार होता? आपल्याला तोंड आहे तर विचारत नाही. मटण-चिकन घरपोच देणाऱ्या ॲपवरच्या ट्रेवरही फार्म फ्रेश लिहिलेलं असते, कोणता फार्म ते शोधून दाखवा.

आता पाचवा स्टार. फळ्यावर बोकडाचं सव्वा वर्ष आहे पण शेवटचा दिवस नाही. कत्तलखान्याचे 2001 चे केंद्राचे नियम आहेत, त्यात आहे की जनावराला आधी 24 तास आराम द्यायचा, डॉक्टरनं तपासायचं (एका डॉक्टरनं तासाला 12 च्या वर नाही), गाभण असली तर कापायची नाही, अन् एकाला दुसऱ्यासमोर कापायचं नाही. मी भाऊंना हे विचारलं तर इतका वेळ भरभरून बोलणारा माणूस एकदम तराजू पुसायला लागला. "ते तिकडचं काम आहे दादा, मी नेऊन देतो अन् घेऊन येतो." मांडीवरचा शिक्का दाखवला, तो होता, पण शिक्का म्हणजे डॉक्टरनं पाहिलं एवढंच, गाडीत किती कोंबले होते अन् पाणी पाजलं का हे त्यात कुठं येते. गावात कितीही मोकळा चरला तरी सगळ्यात वाईट वेळ त्याची कापायच्या आदल्या रात्रीच जात असेल, अन् नेमकी तीच रात्र फळ्यावर नाही. गाडी किती वाजता निघाली अन् कापलं किती वाजता, दोन ओळी वाढवा म्हटलं. "पाहू" म्हणाले. आमच्याकडे पाहू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, तरी मी दर वेळी विचारणार आहे, अजून चारपाच जणांनी विचारलं तर लिहितीलही.

बाकी, रविवारी नऊच्या आत जा. खूर पाहिजे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, भाजून देतात. पोळ्याच्या करीला तर जाऊच नका, त्या दिवशी गर्दीत फळा लिहायलाही कोणाला सवड नसते, अन् एवढे बोकड पाच-सहा घरून येतात कुठून हे मी अजून विचारलेलं नाही.