फणसाचा बाऊल, अर्धी साल आणि वागळे इस्टेटमधला एक रविवार

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लाकूड कातून बाऊल करायच्या क्लासला गेले होते, त्याचं आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. चार देणार होते पण मग बिल बघितलं.

तर झालं असं की जुलैमध्ये आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमागच्या फणसाची एक जाडजूड फांदी रात्रीच्या पावसात धाडकन खाली आली, नशीब खाली कोणाची गाडी नव्हती. सकाळी पालिकेची माणसं तुकडे करून टेम्पोत भरायला लागली तेव्हा मी गाऊनवरच पळत गेले आणि दोन ओंडके मागून घेतले. नवरा म्हणाला, बंब आहे का आपल्याकडे जाळायला? पण मला यूट्यूब बघून बघून वेड लागलेलं, लेथवर लाकूड गरागरा फिरतंय आणि त्यातून वाडगा निघतोय, आणि त्यातही तो लाइव्ह एजवाला, म्हणजे काठ सपाट कापायचा नाही, झाडाची साल काठावर तशीच ठेवायची, मग तो काठ दोन बाजूंनी वर आणि दोन बाजूंनी खाली असा लाटेसारखा येतो. (हे वाचून कोणी झाडावर कोयता घेऊन चढू नका हं, शहरात झाड सोडा, फांदी छाटायलाही पालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. पडलेलं लाकूड घ्या.)

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात एक मुलगा रविवारी क्लास घेतो, आपलं लाकूड घेऊन जायचं आणि संध्याकाळी बाऊल घेऊन यायचं, फी साडेतीन हजार. नाव टाकत नाहीये कारण त्याने मनापासून उभं केलंय सगळं आणि माझ्या कुरकुरीमुळे त्याचं नुकसान नको. पण व्हॉट्सअ‍ॅपवर मी फोटो पाठवून सरळ विचारलं होतं की लाकूड ओलं आहे, पावसात पडलंय, साल टिकेल ना? उत्तर आलं, "हो मॅम, नो इश्यू." हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

चार जणांची बॅच सांगितली होती, आलो सहा, लेथ तीन. म्हणजे सहा तासांतले कमीत कमी दोन तास मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचा भुसा अंगावर घेत होते. मास्क देतात तो साधा कापडी, त्याने काही होत नाही, स्वतःचा एन९५ न्या. फेस शील्ड मात्र चांगली होती आणि ती घातल्याशिवाय मशीनजवळ येऊच देत नाहीत, त्याचे पूर्ण मार्क.

आता खरी गोष्ट. त्या क्लासचा जीव तो मुलगा नाहीये, तिथे जे काका आहेत ते आहेत. सावंतवाडीकडचे, बारीक, कानात बिडी खोचलेली (पेटवत नाहीत, गाळ्यात भुसा आहे), आधी तिकडे लाकडी फळं आणि खेळणी कातायचे. आपल्याकडे ह्या कामाला कातकाम म्हणतात आणि करणाऱ्याला कातारी, हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यांनी ओंडका हातात घेतला, नखाने साल जरा उचकटून बघितली आणि म्हणाले, "पावसातला लाकूड, साल काय ऱ्हवाची नाय." म्हटलं अहो तुमच्या सरांनी सांगितलंय राहील म्हणून. हसले फक्त. नंतर चहाच्या वेळी सांगितलं की पावसात झाड वाढीला लागलेलं असतं, साल आणि लाकूड यांच्यामधला थर ओला नि मऊ असतो म्हणून साल सुटते, थंडीत तोडलेलं लाकूड असेल तर ती घट्ट बसून राहते.

ओंडका बॅण्डसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) उभा चिरला, मधोमध जो बारीक ठिपका असतो ज्याच्याभोवती सगळी वर्तुळं फिरतात तो भाग काढून टाकला, तो ठेवला की तडा जातोच म्हणाले. मग सालीच्या बाजूने मधोमध गोल भोक पाडून तिथे फेसप्लेट, म्हणजे लेथला जोडायची लोखंडी चकती, स्क्रूने बसवली आणि आधी बाहेरचा आकार, बुडाला एक छोटी बैठक काढायची, मग उलटा करून ती बैठक चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, पकडायची आणि आतून कोरायचं. सुरुवात पाचशे आरपीएमच्या (मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या) आसपास, त्याच्या वर त्यांनी मला बराच वेळ हात लावू दिला नाही. आणि तो आवाज! काठ लाटेसारखा असल्यामुळे टूलला अर्धा वेळ लाकूड लागतं आणि अर्धा वेळ हवा, त्यामुळे सरळ सर्र असा आवाज येत नाही, टकटकटकटक असं चालू असतं आणि फिरताना काठ दिसतच नाही, नुसती धुरकट सावली दिसते. तिथे बोट गेलं तर संपलं. मला ते माहीत असूनही जोर केला आणि टूल असं काही अडकलं की खांद्यापर्यंत झटका बसला, काका मागून म्हणाले, "बायो, जोर करू नको, हत्याराक काम करूक दी." टूलची पाठ आधी लाकडाला टेकवायची, मग हळू फिरवत धार आणायची, एवढंच आहे म्हणे. एवढंच यायला माझे दीड तास गेले. पण एकदा जमलं ना, की ओल्या फणसाचे लांबच लांब पिवळे रिबन सुटायला लागतात, तो क्षण साडेतीन हजाराचा आहे, खरंच.

आणि पिवळे म्हणजे हळदीसारखे. ह्याच लाकडाचा रंग काढून बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवतात, आणि मृदंग नि तंजावरची वीणा पण फणसाच्याच लाकडाची. माझा पांढरा कुर्ता घामाने ओला होता, त्याच्यावर भुसा बसला, तो डाग अजून आहे. पांढरं घालून जाऊ नका. चीकसुद्धा होता, टूलवर असा बसला की धार चालेना, तो मुलगा थिनर शोधत होता तोवर मी काकांकडून खोबरेल तेल घेतलं आणि पुसून टाकलं. फणस कापायला बसताना आई हाताला आणि विळीला लावायची तेच. सगळे बघत राहिले, दिवसभरातला माझा एकमेव भाव खाण्याचा क्षण.

साल? साडेतीन वाजता एका बाजूची सुटली आणि उडून भिंतीवर आपटली. दुसऱ्या बाजूची फट दिसायला लागल्यावर काकांनी मशीन बंद करून फटीत पातळ सुपरग्लू सोडला, त्याने ती निम्मी राहिली. काठाला पॉलिश पेपर मशीन बंद ठेवून हातानेच मारला.

बिल आलं तर त्यात कन्झ्युमेबल्स म्हणून साडेतीनशे जास्तीचे. विचारलं तर म्हणे ग्लू, पॉलिश पेपर, मेण. अरे बाबा, ग्लू लागला कोणामुळे? पैसे किती ह्यापेक्षा आधी सांगितलं नाही ह्याचा राग आला.

"आजच घेऊन जा" हेपण अर्धसत्य आहे. बाऊल ओला असतो. काका मला बाजूला घेऊन म्हणाले म्हणून कळलं, नाहीतर मी तो थेट शोकेसमध्ये पंख्याखाली ठेवला असता आणि तो चिरला असता. त्याच्याच भुशासकट कागदी पिशवीत बांधून कपाटाखाली ठेवला, दर चार दिवसांनी किचनच्या काट्यावर वजन, ६४० ग्रॅमवरून ४३० वर येऊन थांबलं तेव्हा बाहेर काढला. गोल होता तो लंबगोल झालाय, मला तर जास्तच आवडला. मग केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणून दोन हात दिले. रंग आता पिवळ्याचा तपकिरीकडे चाललाय. त्यात लसूण ठेवते, ओलं काही नाही. उरलेल्या सालीतला एक तुकडा दिवाळीच्या साफसफाईत पडला, तो मी परत चिकटवला नाही.

पार्किंग नाही, रिक्षाने जा. रविवारी आजूबाजूला जेवायला काही उघडं नसतं, डबा न्या. बुकिंग करताना काका त्या दिवशी आहेत का हे विचारा, नसतील तर पुढचा रविवार घ्या. लाकूड ओलं असेल तर सालीचं त्या मुलाला विचारूच नका.

मी जानेवारीत परत जाणार आहे, घोलवडला मावसबहिणीच्या वाडीत चिकूची एक वाळत चाललेली फांदी काढायची आहे, ती ठेव म्हणून सांगितलंय. कन्झ्युमेबल्स किती होतील ते आधी सांग, असा त्या मुलाला मेसेज टाकलाय चार दिवसांपूर्वी. ब्लू टिक आल्यात.