मालदीवचं बुकिंग : एका टॉवेलवालीचा हिशेब

दर लग्नसराईनंतर आमच्या ओळखीतली दोन-चार जोडपी तरी मालदीवला जाऊन येतात. मग व्हॉट्सॲपच्या स्टेटसला निळं पाणी, पाण्यात उभी लाकडी घरं आणि पाण्यावर तरंगणारा नाश्त्याचा ट्रे. बेट कुठलं, तिथं पोचलात कसे, शेवटचं बिल कितीचं झालं, हे विचारलं की ‘मस्त होतं काकू’ एवढंच. म्हणून आमचं झालं तसं लिहून ठेवते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. हॉटेलांना माल देण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हॉटेलची बिलं आणि हॉटेलचे टॉवेल, दोन्ही मला नीट वाचता येतात.

निमित्त लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचं. सासूबाईंचं मत पहिल्याच दिवशी आलं : “पैसं पाण्यातच घालायचं तर एवढं लांब कशाला, हिप्परग्याच्या तळ्यात टाका की.” आमचे हे लक्षद्वीपच्या बाजूचे होते. तिथंही प्रवाळाचीच बेटं, रुपयात व्यवहार, आपला देश. पण प्रवेशपरवाना काढायचा, कोचीहून अगत्तीचं विमान किंवा जहाज गाठायचं आणि राहायच्या जागा मोजक्याच. आमच्या तारखांना काही जमेना. मालदीवला उलट, भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. तोही फुकट असतो; पैसे मागणारी वेबसाइट उघडली तर ती बंद करा.

शहरातल्या एका एजंटाने ‘फुल पॅकेज’ म्हणून छापील कागद पुढे ठेवला. वर वॉटर व्हिलाचा फोटो, खाली माणशी आकडा. मी विचारलं, “विमानतळावरून बेटावर जायचं कसं?” तो म्हणाला, “मॅडम, ते रिसॉर्टवाले नेतात.” नेतात हो, पण कितीला? ते कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं : ट्रान्सफर आणि स्थानिक कर वेगळे. त्या दोन ओळी धरून हिशेब केला तर त्याचं ‘फुल’ पॅकेज पाऊणसुद्धा भरत नव्हतं. मी कागद परत दिला आणि पुढचं सगळं मुलीला शेजारी बसवून स्वतः केलं.

मालदीव निवडताना लोक आधी खोली बघतात. माझं म्हणणं, आधी नकाशा उघडा. हा देश म्हणजे उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली २६ अ‍ॅटॉल, म्हणजे प्रवाळाची कडी, आणि त्यांतली बाराशेच्या आसपास बेटं. बहुतेक रिसॉर्टला स्वतःचं वेगळं बेट असतं. तिथं दुसरं हॉटेल नाही, टपरी नाही, रिक्षा नाही. विमान उतरतं राजधानी मालेशेजारच्या हुलहुले बेटावर, वेलाना विमानतळावर. जवळच्या अ‍ॅटॉलात स्पीडबोट नेते, मधल्या अंतराला सी-प्लेन, आणि पार दक्षिणेला जायचं तर देशांतर्गत विमान आणि वर पुन्हा बोट. सी-प्लेन म्हणजे ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान. वरून अ‍ॅटॉल दिसतात ते दृश्य फार सुंदर असतं म्हणे, आणि भाडंही त्या सौंदर्याला साजेसं. पण ते फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र माले किंवा हुलहुमालेत स्वतःच्या खर्चाने काढायची, आणि रिसॉर्टमधल्या भरलेल्या रात्रीचे पैसे गेले ते गेले. सामानही साधारण वीस किलो आणि हातात पाच. वर गेलं की किलोमागे पैसे.

आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून तिथून थेट विमान पकडणार होतो. एवढ्या जागरणानंतर लाउंजमध्ये सी-प्लेनची वाट बघत बसायची हौस दोघांनाही नव्हती. म्हणून नॉर्थ माले अ‍ॅटॉलमधलं, स्पीडबोटीने तासाच्या आत पोचता येईल असं लहान बेट घेतलं. नाव इथं लिहीत नाही. ज्यांना हवं त्यांनी कारखान्यात येऊन विचारावं, चहाही मिळेल.

आता पाण्याबद्दल, कारण एवढे पैसे त्याच्यासाठीच मोजायचे असतात. फोटोत सगळी बेटं सारखीच निळी दिसतात, पण ती सारखी नसतात. अ‍ॅटॉल बनतं ते असं : पूर्वीचा ज्वालामुखी हळूहळू खाली बसत जातो, त्याच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र वर येत राहतं, आणि शेवटी मधे उथळ पाणी आणि ताटाच्या काठासारखी भोवती प्रवाळाची कड उरते. डार्विनने हे १८४२ मध्ये मांडलं होतं. आपल्याला यातून एवढंच बघायचं असतं की आपल्या बेटाभोवतीची प्रवाळाची कड, म्हणजे हाउस रीफ, किनाऱ्यापासून किती लांब आहे. काही बेटांभोवती दूरपर्यंत कमरेएवढं शांत पाणी असतं. लहान मुलं आणि पोहता न येणारे यांच्यासाठी ते उत्तम, पण मासे बघायला दरवेळी पैसे भरून बोटीने जावं लागतं. काही बेटांना किनाऱ्यापासून चार हात मारले की रीफची धार लागते आणि तिथून समुद्र एकदम खोल जातो. तिथं मासे फुकट, पण पोहता यायला हवं किंवा सोबत गाइड हवा. रिसॉर्टला मेल करून सरळ विचारा : कड किती मीटरवर आहे, पाण्यात उतरायची ठरलेली जागा कुठली, मास्क आणि फिन्सचं भाडं किती. आमच्याकडे मास्कचं भाडं रोजचं वेगळं लावलं होतं, ते मला अजून खुपतं. सोलापुरातून आपला मास्क घेऊन जा.

मला पोहता येत नाही. गाइडने लाइफ जॅकेट घातलं, धरायला एक रिंग दिली आणि तोंड पाण्यात घालायला लावलं. पहिल्यांदा नाकातोंडात खारं पाणी गेलं. दुसऱ्यांदा ऐकू आलं : कुडुम कुडुम. पोपटमासे प्रवाळ चावून खात होते. त्यांच्या पोटातून जे बारीक होऊन बाहेर पडतं त्याचा त्या पांढऱ्या वाळूत मोठा वाटा असतो. हे कळल्यावर आमच्या ह्यांनी वाळूत झोपायचं बंद केलं, मी केलं नाही. एप्रिलच्या टळटळीत दुपारीही त्या वाळूवर अनवाणी चालता येतं. सोलापुरात त्या महिन्यात गच्चीवर पाय ठेवून दाखवा.

प्रवाळ सगळीकडे रंगीत असेल या भरवशावर मात्र जाऊ नका. १९९८ मध्ये समुद्र तापून इथलं बरंचसं प्रवाळ पांढरं पडून मेलं, २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. काही जागी ते परत वाढतंय, काही जागी नुसता राखाडी ढिगारा आहे. आमच्या बेटाच्या एका बाजूला बाग आणि दुसऱ्या बाजूला भंगार, असं होतं. रिसॉर्टच्या फोटोवर विसंबू नका, गेल्या काही महिन्यांत जाऊन आलेल्यांनी पाण्याखाली काढलेले फोटो शोधा. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, ते तिथं बेकायदा आहे. तिथं जाताना दारू किंवा पोर्क न्यायला बंदी आहे, पूजेच्या मूर्तींनाही. आपल्याकडे लोक सवयीने लहान गणपती बरोबर घेतात, म्हणून मुद्दाम सांगते.

वॉटर व्हिला घ्यायची का? आम्ही घेतली नाही, बीच व्हिला घेतली. शेजारच्या जोडप्याची वॉटर व्हिला आतून पाहून आले. खोलीतून थेट पाण्यात उतरायची शिडी, जमिनीत काचेची चौकट, सगळं छान. पण जेवायला यायचं म्हणजे भर उन्हात लांबच लांब लाकडी पूल, नाहीतर बग्गीला फोन. आमच्या दारात नारळाची सावली, झोपाळा आणि दहा पावलांवर पाणी, ज्यात हातभर लांबीची शार्कची पिल्लं रोज सकाळी कडेकडेने फिरून जायची. चावत नाहीत. दरातला फरक मात्र चावला असता.

आता बिल. रिसॉर्टवर जेवणाला दुसरीकडे जाताच येत नाही, म्हणून मील प्लॅन ही खोलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारी भूक लागली की मेनू हातात येतो, आणि मेनूवरची किंमत ही किंमत नसते. तिच्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी. जुलै २०२५ पासून तो १६चा १७ झालाय. म्हणजे १०० डॉलर लिहिलेलं ताट १२८ डॉलर ७० सेंटला पडतं. शिवाय ग्रीन टॅक्स : रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर. आम्ही फुल बोर्ड, म्हणजे दुपारचं जेवणही धरून, घेतला. दारू पीत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हचे पैसे दुसऱ्यांच्या ग्लासात जातात. प्यायचं पाणी मात्र प्लॅनमध्ये आहे का ते विचारून घ्या, आमच्याकडे रिसॉर्टचंच काचेच्या बाटलीतलं पाणी फुकट होतं.

पाण्यावरून आठवलं. त्या बेटावर ना नदी ना ओढा, समुद्राचं खारं पाणी मशीनमधून गोडं करतात आणि नळाला चोवीस तास देतात. सोलापुरात, जिल्ह्यातच उजनीचं धरण असून, नळाला पाणी काही दिवसांआड. मी तिथल्या नळाकडे बराच वेळ बघत उभी राहिले, ह्यांना वाटलं उन्हाने चक्कर आली.

जेवण : आमचं घर शाकाहारी. शेफ भारतीय होता, त्यामुळे डाळ-भात, पनीर मिळालं, पण तिसऱ्या जेवणाला तीच डाळ पिवळीची काळी होऊन परत आली. सोबत नेलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी कामाला आली. त्या चटणीवर रशियन जोडप्याचा डोळा होता, त्यांनाही दिली. मासे खाणाऱ्यांनी नाश्त्याला ‘मस हुनी’ मागावं असं इतर पाहुणे सांगत होते : टूना, खोबरं, कांदा, मिरची आणि बरोबर पोळीसारखी रोशी.

टॉवेल : अंगाचे चांगले होते, डबल धाग्याचे, जड, शुभ्र. बीचवरचे मात्र हलक्या जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला वजन कमी असलेले, पाइल, म्हणजे वरचे धाग्याचे फासे, ओढली गेलेली, किनार आकसून वाटीसारखी वळलेली. खारा वारा, क्लोरिन आणि ऊन एवढं सोसायचं तर कापड दमदार लागतं. मॅनेजरला कार्ड देऊन आले. उत्तर यायचंय.

हात आखडता असेल तर रिसॉर्टऐवजी वस्तीच्या बेटावर राहता येतं. माफुशीसारख्या बेटांवर गेस्टहाऊस आहेत, पन्नासपर्यंत खोल्या असलेल्या ठिकाणी ग्रीन टॅक्स ६ डॉलर, जेवायला बाहेर साधी हॉटेलं. पण दारू अजिबात नाही, गावात फिरताना अंगभर कपडे आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा ठरवलेला किनारा. त्यातला एक दिवस पैसे भरून रिसॉर्टवर काढता येतो. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी हेच जास्त बरं, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

महिना कुठला? डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, आणि दर चढे. नाताळ-नववर्षात बऱ्याच रिसॉर्टवर गाला डिनरचे पैसे सक्तीने लावतात. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा सोडून आम्ही कुठं जात नाही. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस-वारा, दर उतरलेले. पण तेव्हाच बा अ‍ॅटॉलच्या हनिफारू खाडीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जमतं आणि ते खायला मांटा रे हे मोठे चपटे मासे येतात. हे अ‍ॅटॉल २०११ पासून युनेस्कोचं जैवमंडल राखीव क्षेत्र आहे आणि हनिफारूत फक्त स्नॉर्कलिंगला परवानगी आहे, सिलिंडर लावून उतरता येत नाही.

मुलीला ते बघायचंय, म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी ऑगस्टमध्ये धरवंधूला जाणार आहेत. वस्तीचं बेट, स्वतःचं छोटं विमानतळ, तिथून हनिफारू बोटीने अगदी जवळ. गेस्टहाऊसवाल्याने मेलमध्ये विमानाचं भाडं, कर, बोट, खाडीची प्रवेश फी असं एकेक वेगळं लिहून खाली बेरीज मारली आहे. शेवटी एक ओळ : मांटा दिसले नाहीत तर बोटीचे पैसे परत मिळणार नाहीत. मी तिला म्हटलं, इथंच बुक कर.