एफएफएमपेगचं डॅश वाय आणि डॅश एन, पूर्ण सीझन वापरून झाल्यावर

मालवणला स्कुबावाल्यांचं व्हिडिओचं काम बघतो. पर्यटक पाण्यातून वर आला की त्याला लगेच व्हॉट्सॲपवर जाईल एवढी छोटी फाईल पाहिजे असते, कॅमेऱ्यातली भलीमोठी फाईल कोण नेणार. सगळं एफएफएमपेगवर चालतं, म्हणजे कमांड लिहून व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि जुन्या पीसीवरपण व्यवस्थित चालतं.

नुसती कमांड मारली आणि त्या नावाची फाईल आधीच असली तर ते ओव्हरराईट करू का विचारत थांबतं. एखाद्या फाईलला ठीक आहे हो, पण ढीगभर क्लिपा लावून जेवायला गेलात आणि येऊन बघताय तर दुसऱ्याच क्लिपला प्रश्न विचारून गप्प बसलंय! त्यावर जो तो सांगतो कमांडमध्ये डॅश वाय (-y) टाक, म्हणजे न विचारता जुन्यावर नवीन. मला नाय पटत. दोन कॅमेऱ्यांतून सेम नावाच्या फाईली येतात, सकाळच्या बोटीची क्लिप दुपारच्या क्लिपखाली गाडली गेली तरी कळणार नाही. एक बरंय, इनपुट आणि आउटपुटला एकच फाईल दिली तर डॅश वाय असूनपण ते नकार देतं, ओरिजिनल वाचते.

डॅश एन (-n) म्हणजे फाईल असेल तर हात लावायचा नाही, एरर देऊन बाहेर, आणि एकामागून एक क्लिपा लावणारा लूप पुढच्या क्लिपवर. रोजच्या कामाला हेच भारी. पण मे महिन्यात ऐन गर्दीत वळीव आला आणि लाईट गेली की अर्धवट फाईल डिस्कवर तशीच राहते. एमपीफोर फाईलचा इंडेक्स, म्हणजे आत काय कुठे आहे त्याची यादी, मूव ॲटम म्हणतात तो, साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिला जातो म्हणून ती फाईल उघडतच नाही, आणि लाईट आल्यावर परत लूप लावला तर डॅश एन तिलाच झालेली समजून सोडून देतं, कारण ते फक्त नाव बघतं, आतलं नाही. बॅकअपला आरसिंक नावाचा कॉपी करायचा प्रोग्राम वापरतो त्यात ही कटकट नाही, ते तात्पुरत्या नावाने कॉपी करतं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं.

तीच आयडिया इकडे लावली. स्क्रिप्ट आधी बघते फायनल नावाची फाईल आहे का, असेल तर पुढे. नसेल तर तात्पुरत्या नावावर बिनधास्त डॅश वाय, आणि काम नीट संपलं तरच एमव्ही डॅश एनने (mv -n, नाव बदलायची कमांड, त्या नावाची फाईल असेल तर तिच्यावर लिहीत नाही) नाव बदलायचं. फक्त तात्पुरता शब्द नावाच्या सुरुवातीला जोडा, शेवटी नको, कारण नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन (.mp4 वगैरे) बघूनच एफएफएमपेग फॉरमॅट ठरवतं.