शिवाजी पार्क: आठ महिने रोज फेऱ्या मारल्यावर

शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चालायला पिटाळलं, त्याला आता आठ महिने झाले. आधीच सांगतो, पार्क म्हणजे बाग असेल असं समजून आलात तर पस्तावाल. हे मैदान आहे, 28 एकरांचं, सावली फक्त कडेच्या झाडांची, मधे नुसती लाल माती आणि रविवारी इतक्या मॅचेस की एकीचा पॉइंट दुसरीच्या मिडऑनला खेटून उभा, तरी कोण कुठल्या टीमचा हे पोरांना बरोबर कळतं. मला मात्र दुसऱ्याच आठवड्यात सीझन बॉल घोट्यावर बसला. वर "काका, बॉल!" म्हणून ओरडला तो पोरगा, सॉरी नंतर. चार दिवस लंगडत होतो.

पण आचरेकर सरांनी इथेच स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिनला बॅटिंग करायला लावलं म्हटल्यावर कोणावर चिडणार? गेट नंबर 5 जवळ सरांचं स्मारक झालंय 2024 मध्ये, तिथून जाताना नेट्समधली पोरं हात जोडून जातात.

खरी मजा कट्ट्याची. पूर्ण मैदानाभोवती, एक फेरी साधारण 1.2 किलोमीटर. कट्ट्यावरच्या एका आजोबांकडून कळलं की 1925 ला हे सुरू झालं तेव्हा नाव होतं माहीम पार्क, मग 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क झालं. मी इतकी वर्षं दादरला येतोय, पत्ता नव्हता! संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, 1966 पासून शिवसेनेचा दसरा मेळावा, सगळं इथलंच. 2010 मध्ये हायकोर्टाने सायलेन्स झोन ठरवला, तरी मेळाव्याच्या दिवशी फेऱ्या विसरा.

6 डिसेंबरला तर चालायला नाहीच जमलं पण त्याचं वाईट वाटलं नाही. चैत्यभूमीला आलेली माणसं इथे मुक्कामाला, आणि पुस्तकांचे स्टॉल असे की मी घरून दोनशे रुपये घेऊन निघालो होतो ते पहिल्या रांगेतच संपले. एक बाई पोराला मांडीवर घेऊन नुकतंच घेतलेलं पुस्तक वाचून दाखवत होती, आजूबाजूला एवढी गर्दी, तिचं लक्षच नाही.

तक्रार एकच, धूळ. पावसात चिखल चालतो हो, पण थंडी सरली की वाऱ्याबरोबर लाल माती थेट घरात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तरी रोज संध्याकाळी टीव्ही पुसावा लागतो आणि बायको माझे बूट दाराबाहेरच काढायला लावते. पाणी मारतात, दोन तासांत परत तेच. दम्यावाल्यांनी पहाटेच या.

आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं असेल तर सहाच्या आत पोचा. आजोबा माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवतात पण तोही सव्वासहापर्यंतच.