धूर-चाचणीत नापास गाडी आणि विनाकारण गळ्यात मारलेला कॅट

जुनी पेट्रोल गाडी चाचणीत नापास झाली की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच निदान ऐकायला मिळतं: "कॅट गेलाय, बदलावा लागेल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या पाइपमधला डबा. तो गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक, म्हणून हे निदान गॅरेजच्या सोयीचं असतं. असाच एक गाडीमालक कसा फसवला गेला, ते सविस्तर सांगतो.

चाचणीच्या चिठ्ठीवर हायड्रोकार्बन मर्यादेच्या खूप वर, कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास होता. नुसत्या या तीन आकड्यांवरून संशय कुठे घ्यायचा ते कळतं. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा एकत्र बाहेर पडतायत, म्हणजे एखादा सिलिंडर ठिणगी चुकवतोय. मिसफायर. कॅट खराब असेल तर ऑक्सिजन एवढा वाढायचं कारणच नाही.

गॅरेजने मात्र स्कॅनरवर पी०४२० हा कोड दाखवला आणि "मशीनच सांगतंय" म्हणून मालकाला गप्प केलं. हा कोड फक्त एवढंच म्हणतो की कॅटची कार्यक्षमता कमी दिसतेय. ती का कमी दिसतेय, हे तो सांगत नाही. मिसफायर असो, सायलेन्सरच्या पाइपला ऑक्सिजन सेन्सरजवळ गळती असो, तरी हाच कोड येऊ शकतो. त्याच स्कॅनरवर पेंडिंग कोडच्या (अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या) यादीत पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, नोंदलेला होता. ते पान उघडलंच नाही.

नवा, स्वस्तातला कॅट बसला आणि गाडी पास झाली. फसवणूक लपते ती इथेच. ताजा कॅट न जळलेलं पेट्रोल स्वतःच्या पोटात जाळतो, त्यामुळे काही काळ आकडे छान येतात. पण ती उष्णता आतल्या सिरॅमिकच्या जाळीला सोसत नाही; साधारण १४०० अंश सेल्सिअसला ती वितळू लागते. काही महिन्यांत जाळी तुंबली, गाडीची ओढ गेली आणि मालकापुढे पुन्हा तोच खर्च उभा राहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरा दोष दुसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगवर होता. प्लग काढून उजेडात फिरवला तर पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून धातूपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती, आणि प्लगला वीज देणाऱ्या कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही तशीच. ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरून पळत होती. प्लग आणि टोपी दोन्ही एकदम बदलायचे, एकच बदलला तर जुनी रेघ नव्यालाही लागते.

म्हणून कॅटला होकार देण्याआधी इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे, दाखवायला सांगा. कूलंट ८५ ते ९५ अंशांवर हवा. ६० वरच अडकला असेल तर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बघा, कारण थंड समजून संगणक पेट्रोल जास्त सोडतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, अधिक-उणे १० टक्क्यांबाहेर असेल तर मिश्रणात गडबड आहे. हा आकडा आयडलला (गाडी उभी, पाय न देता) खूप अधिक आणि २५०० आरपीएमला सामान्य, तर व्हॅक्यूम पाइप कुठेतरी हवा ओढतोय.

कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. आयडलला पर्ज व्हॉल्व्हकडून (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडून) इंजिनकडे जाणारा पाइप चिमटून बघा, आकडा उतरला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. जुन्या गाडीत फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पाइप काढून हुंगा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरमधला पडदा फाटलाय.

हे सगळं ठीक असेल तरच कॅटकडे वळा. २५०० आरपीएमवर दोनतीन मिनिटं धरून ठेवा. कॅटच्या पुढे आणि मागे नेहमीचे साधे ऑक्सिजन सेन्सर असतील तर पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हेलकावे घेईल आणि मागचा साधारण स्थिर राहील. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि कुठे गळती नसेल, तर कॅट खरंच थकलाय. रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ झाली तर जाळी तुटली आहे.

आणखी एक लूट हमखास होते. काढलेला कॅट "कंपनीला परत द्यायचा असतो" म्हणून ठेवून घेतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगली किंमत येते. तो परत द्यायचा की त्याची वजावट मिळणार, हे काम सुरू होण्याआधी बिलावर लिहून घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, मिसफायरमुळे त्याच क्षणी कॅट भाजत असतो. आणि चाचणीच्या तोंडावर कोड पुसून देणाऱ्याला नकार द्या: कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर जातात, आणि त्या वाचणाऱ्या केंद्रावर गाडी "तयार नाही" म्हणून परत पाठवली जाऊ शकते.