जुन्या पद्मिनीसाठी व्हॅक्यूम गेज : दहा महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी मी गेली दोन वर्षे चाळीसगावातल्या घरी पुन्हा उभी करत आहे. पत्रा, रंग आणि गाद्या यांची कामे ठरल्याप्रमाणे पार पडली, पण फियाट ११०० च्या घराण्यातल्या त्या १०८९ सीसीच्या इंजिनाने फार दमवले. गेल्या पोळ्याच्या सुमारास दीड हजार रुपयांच्या आत मिळालेला व्हॅक्यूम गेज घेतला, तोपर्यंत आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचे एकच निदान होत असे : कार्बोरेटरमध्ये कचरा. चार वेळा कार्बोरेटर उघडला, जेट (पेट्रोल सोडणारी त्यातली बारीक छिद्रे) फुंकले, एकदा पूर्ण किट बदलले. गाडी आठवडाभर बरी चाले आणि पुन्हा स्टेशन रोडवर उभी राहिली की थरथरू लागे.

थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या झडपेच्या, खालच्या बाजूस इंजिन किती जोराने हवा ओढते, ते हा गेज पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. तो जोडण्यासाठी आमच्या फिटरकाकांनी कार्बोरेटरखालच्या बेकलाइटच्या तुकड्याला बारीक भोक पाडून पितळी निप्पल बसवली. गेज काढल्यावर तिला रबरी टोपी घालावी लागते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन गरम होऊन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालत असताना काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर असावा आणि दर हजार फूट उंचीला त्यातून साधारण एक इंच वजा करावा, असा ठोकताळा आहे. चाळीसगावासाठी मी १६ ते २० धरतो.

पहिल्या दिवशी काटा १३ वर होता. टायमिंग मागे असले, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली, तरी काटा असाच खाली राहतो, म्हणून आधी डेलको (प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) किंचित फिरवून पाहिला, पण काटा अर्धा इंच चढून तिथेच अडला. मग फवाऱ्याच्या बाटलीने कार्बोरेटरच्या बुडाशी पाणी मारले, तेव्हा काटा झटकन वर सरकला आणि इंजिनाची थरथरही क्षणभर थांबली. पाण्याने जी फट बुजली तिथूनच हवा आत जात होती. कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे नटांनी आवळली जाणारी बुडाची सपाट कड, वाकली होती. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासली, नवे पॅकिंग घातले आणि काटा १७ वर आला. आम्ही ज्या चार वेळा कार्बोरेटर उघडला, त्या प्रत्येक वेळी नट अधिक आवळून ती फ्लँज आम्हीच वाकवत होतो, हे मला आजही बोचते.

थरथर थांबल्यावर तिच्याखाली दडलेला दुसरा दोष दिसू लागला. काटा ठरावीक तालात दोन इंच खाली झटका घेत होता. झटका नियमित असेल तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजले तेव्हा चारपैकी तीन सिलिंडर १२५ ते १३० पौंडांवर होते, तिसऱ्या क्रमांकाचा मात्र ८५ वर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजून आकडा वाढतो. त्यात चमचाभर ऑइल सोडूनही तो वाढला नाही, त्यामुळे रिंगांवरचा संशय गेला आणि इंजिन पूर्ण उतरवण्याचा खर्च वाचला. हेड काढल्यावर जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सापडला. त्याच्या टॅपेटला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) गॅपच उरलेला नव्हता, त्यामुळे तो पूर्ण मिटत नव्हता.

या यंत्राची मर्यादा मला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी कळली. बहिणीला आणायला निघालो असताना भर दुपारी कन्नडच्या घाटात गाडी बंद पडली. फिटरकाका सोबत होते. ‘गरम व्हयनी का बंद पडस’ (गरम झाली की बंद पडते), हे त्यांचे वाक्य मी वर्षभर ऐकत होतो आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या बोनेटखालच्या पंपावर ओले फडके टाकून वीस मिनिटे थांबलो की गाडी खरोखर सुरू होई. पेट्रोलची वाफ अडकते, असे सगळ्यांचे मत होते. गेजचा काटा मात्र बंद पडेपर्यंत अगदी ठीक होता, त्यामुळे त्यातून काहीच कळले नाही. या वेळी फडके टाकण्याआधी एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची स्वच्छ धार पडत होती. ठिणगी तपासली, ती पिवळी आणि अशक्त होती. डिकीतला दुसरा कंडेन्सर (ठिणगीच्या वीजमंडलातला छोटा भाग) लावताच गाडी गरम असतानाच सुरू झाली. वर्षभर आम्ही पंपाला थंड करत होतो आणि त्या वीस मिनिटांत कंडेन्सर आपोआप निवत होता. म्हणून गरम असताना होणारा बिघाड गरम असतानाच तपासावा, असा माझा आता आग्रह आहे. गाडी थंड करून सुरू केली की पुरावा निघून जातो.

गेजबद्दल दोन तक्रारी आहेत. सोबत आलेली नळी एप्रिलच्या उन्हातच कडक होऊन टोकाला चिरली आणि नळीतूनच हवा शिरल्याने एक दिवस खोटे आकडे मिळाले. आता मी पेट्रोलसाठी वापरतात ती जाड नळी लावली आहे. दुसरे म्हणजे आयडलवर काटा इतका कापतो की वाचणे अवघड होते. त्यावर जुन्या कार्बोरेटरचा बारीक जेट नळीत अडकवला आणि कंप बराच कमी झाला, पण व्हॉल्व्हचा दोष शोधताना तो जेट काढून ठेवावा, नाहीतर नेमका हवा असलेला झटकाच दबून जातो. सध्या काटा १८ वर स्थिर आहे आणि दर महिन्याचा आकडा मी गाडीतल्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो.